मले कोन्या कायद्यानं काढलं?

आज माइकसमोर बसताना आम्ही जरा अवघडलो आहोत. दर वेळी आम्ही दुसऱ्यांच्या गोष्टी सांगतो, आज सुरुवात आमच्याच चुकीनं करायची आहे.

आमच्या बचत गटाचा पापडाचा छोटा उद्योग आहे, हे तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. लाटणाऱ्या अकरा जणी होत्या. किलोमागे मजुरी. मागच्या वर्षी आम्ही बँकेचं कर्ज काढून पापडाचं मशीन घेतलं. मशीन आलं आणि चार जणींचं काम उरलं नाही. त्या चौघींत एक काकू होत्या, गटात अगदी पहिल्यापासूनच्या, आठ वर्षं लाटणं हातात धरलेल्या. आम्ही त्यांना काय सांगितलं? "काकू, तुमचे खाडे फार होतात, आता राहू द्या." बस. एका संध्याकाळी, चहा पिता पिता.

मागच्या महिन्यात त्या बाजारात भेटल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमी त रेडिओवर बायांले कायदा सांगता. मंग मले कोन्या कायद्यानं काढलं, थे सांगा." आम्हाला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, वकीलताईंना विचारलं, आणि जे सापडलं ते आज सांगतो. गोष्ट बरीच जुनी निघाली.

एके काळी कायद्याला हा प्रश्नच पडत नव्हता. मालकानं मजुराला काढलं तर त्यात विचारण्यासारखं काय, असा सगळा कारभार. मजुरानं काम सोडलं तर मात्र कायदा जागा व्हायचा. इंग्रजांनी १८५९ मध्ये एक कायदा केला होता. उचल घेऊन काम अर्ध्यावर सोडणाऱ्या मजुराला, कारागिराला त्या कायद्यानं मॅजिस्ट्रेटपुढे उभं करता येई. पैसे परत कर किंवा काम पुरं कर, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात जा. म्हणजे काम सोडणं हा गुन्हा, आणि कामावरून काढणं ही मालकाची मर्जी. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं.

आपल्या वऱ्हाडात तर काढून टाकायचीही गरज नव्हती. इथला मोठा धंदा कापसाचा. अमरावती, अकोला, खामगाव, आपलं अचलपूर, सगळीकडे जिनिंग-प्रेसिंग. जिनावर कापूस वेचायला, भरायला बायाच जास्त. दिवाळीच्या सुमारास काम सुरू, उन्हाळा लागला की बंद. हंगाम संपला की बाई आपोआप घरी. पुढच्या वर्षी मुकादमानं हाक मारली तर काम, नाही मारली तर नाही. कोणी कोणाला "तुला काढलं" असं म्हणायचंच नाही, तर दाद कशाची मागणार?

मुंबईच्या गिरण्यांत मुकादमाच्या जागी जॉबर होता, आणि बायकांच्या खात्यात नायकीण. कोणाला घ्यायचं, कोणाला घरी पाठवायचं, हे तीच ठरवायची. नोकरी टिकवायची तर तिचा हात ओला करावा लागे. १९२९ ते १९३१ या काळात मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं होतं. त्यांनी या जॉबर-नायकिणींच्या लाचखोरीवर सरळ बोट ठेवलं आणि नायकिणींच्या जागी शिकलेल्या बायका देखरेखीला नेमा असं सुचवलं. मैत्रिणींनो, बाईच्या हाती अधिकार आला म्हणजे बाईला न्याय मिळतोच असं नाही. आमचं उदाहरण ताजंच आहे.

आता "खाडे" या शब्दाकडे येऊ. तो आमच्या तोंडून सहज गेला, पण त्याला मोठा इतिहास आहे.

१९२० च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. रीळ करणं आणि सूत गुंडाळणं ही त्यांची खाती. मग रॅशनलायझेशन आलं. सोप्या भाषेत, कमी माणसांत जास्त माल. दोन माग बघणाऱ्या विणकरानं तीन बघायचे. १९२८ मध्ये यावरून मुंबईत सहा महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. पण बायकांच्या खात्यांत वेगळंच घडत गेलं. जलद चालणारी यंत्रं आली, दोन पाळ्या आल्या, आणि रात्री बायकांना कामावर ठेवायला फॅक्टरी कायद्याची मनाई होती. त्यातच बाळंतपणाच्या भत्त्याचे कायदे झाले, मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये आणि आपल्या मध्य प्रांतात १९३० मध्ये. चांगलेच कायदे होते ते. पण मालकाच्या हिशेबाच्या वहीत बाई महाग झाली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत गिरणीतल्या बायकांचा हिस्सा पार आटला. यंत्रानं काम खाल्लं, आणि सांगायला कारण मिळालं, बायका खाडे करतात.

स्वातंत्र्य येता येता मात्र चित्र पालटलं. ऐकून तुम्हाला बरं वाटेल, की आपल्या प्रांतानं यात मागं राहायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. सी.पी. अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड, यांचा स्वतःचा औद्योगिक तंटे मिटवण्याचा कायदा १९४७ मध्ये झाला. त्यात एक साधीशी सोय होती. ज्याला कामावरून काढलं त्यानं सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. काढणं चुकीचं ठरलं तर परत कामावर घेण्याचा हुकूम व्हायचा, बुडालेल्या पगाराची भरपाई मागता यायची. युनियन लागत नव्हती, संप लागत नव्हता. एकटी बाई अर्ज घेऊन जाऊ शकत होती. हा कायदा विदर्भात १९६५ च्या मे महिन्यापर्यंत चालला, मग मुंबईचा कायदा इकडे लागू झाला.

त्याच १९४७ चा सबंध देशाचा औद्योगिक विवाद कायदा. त्यात आधी एकट्या माणसाची तक्रार हा "विवाद" धरतच नसत. चारचौघांनी, युनियननं उचलून धरली तरच. १९६५ मध्ये ही अडचण दूर झाली. १९७१ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. तोवर मालकानं चौकशी नीट केली असेल, तर शिक्षा जास्त कडक वाटली तरी न्यायाधिकरणाला सहसा हात घालता येत नसे. आता चूक छोटी आणि शिक्षा मोठी असेल तर ती बदलता येऊ लागली.

पण आमचे डोळे उघडले ते १९५३ च्या दुरुस्तीनं. वकीलताईंनी कागदावर दोन खाने काढून दाखवले. एका खान्यात लिहिलं "दोष", दुसऱ्यात "गरज नाही". कामगाराला काढायचं ते यांपैकी कोणत्या खान्यातून, हे आधी ठरवा, म्हणाल्या.

दोष असेल, म्हणजे चोरी, मारामारी, सांगूनसवरून गैरहजेरी, तर काय आरोप आहे ते लेखी द्यायचं, तिचं म्हणणं ऐकायचं, चौकशी करायची आणि मग ठरवायचं. दोष नसेल, फक्त काम उरलं नसेल, मशीन आलं असेल, धंदा बसला असेल, तर ती कपात. कपात करायला मनाई नाही. मात्र वर्षभरात २४० दिवस काम केलेलं असेल तर एक महिन्याची नोटीस द्यायची किंवा महिन्याचा पगार. शिवाय झालेल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. नोटिशीत कारण लिहायचं. आणि साधारणपणे शेवटी आलेली आधी जाईल. तसं करायचं नसेल तर का नाही, ते नोंदवून ठेवायचं. पुढं पुन्हा माणसं लागली तर आधी काढलेल्यांना विचारायचं.

आम्ही काकूंना कोणत्या खान्यातून काढलं? खरं कारण मशीन होतं. म्हणजे दुसरा खाना. सांगितलं मात्र पहिल्या खान्यातलं, खाड्यांचं. म्हणजे पैसे वाचले, नोटीस वाचली आणि दोषही तिच्याच माथी गेला. आम्ही हे ठरवून केलं नाही, खरंच नाही. तोंडून सहज गेलं. पण मालक लोकही काही दर वेळी ठरवून करत नसतील.

खाड्यांवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली मुंबईची एक गोष्ट आम्हाला सापडली. इंटरनॅशनल फ्रँचायझीज नावाची औषधांची कंपनी होती. पॅकिंग आणि लेबलच्या खात्यात मुली कामाला. कंपनीचा नियम असा, की मुलीचं लग्न झालं की नोकरी आपोआप संपली. राजीनामा नको, नोटीस नको. हळद लागली की हजेरीपत्रकातून नाव गेलं. बॉम्बे लेबर युनियननं हा नियम काढून टाका म्हणून मागणी केली. खालच्या न्यायाधिकरणानं ती फेटाळली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कंपनीचं म्हणणं असं, की आमचं काम टोळीनं करायचं असतं, एक जण आली नाही तर सगळ्यांचं अडतं, आणि लग्न झालेल्या बायका खाडे जास्त करतात.

१९६५ मध्ये निकाल लागला तो युनियनच्या बाजूनं. कोर्टाचा युक्तिवाद अगदी आपल्या चुलीपुढच्या बाईला पटेल असा आहे. लग्न झालेल्या बाईचे खाडे जास्त होतात याला पुरावा काय? बाळंतपणाची रजा सोडली तर कुमारिका आणि लग्न झालेली यांत फरक कसला? आणि गंमत म्हणजे हीच कंपनी विधवांना कामावर घ्यायला तयार होती. मुलाबाळांमुळे खाडे होतात म्हणावं, तर विधवेला मुलं नसतात का? टोळीनं काम करायचं म्हणता, तर काही जणी जादा ठेवता येत नाहीत का? कोर्टानं कंपनीला धंदा कार्यक्षम ठेवू नका असं म्हटलं नाही. फक्त खाड्यांचं नाव घेऊन जे कारण पुढं केलं होतं, ते तपासून पाहिलं, आणि ते टिकलं नाही. पुढं १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणाला नोकरी संपण्याचा नियमही असाच गेला. आणि १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं तर बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या काळात काढणंच बेकायदा ठरवलं. २००० मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ द्यायला लावला.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही खोटं बोललो असं होईल, कारण कर्जाचा हप्ता आम्हीही भरतो.

१९७६ मध्ये मोठ्या कारखान्यांसाठी कायदा कडक झाला. ३०० वर कामगार असतील तर कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी. एक्सेल वेअर या मुंबईच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्याला बंद करायचं होतं, सरकारनं नकार दिला. मालक कोर्टात गेले. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदीच्या परवानगीचं ते कलमच रद्द केलं. तोट्यात चाललेला धंदा नुसत्या हुकमानं चालवायला लावता येत नाही, आणि नकार दिला तर त्याची कारणं तरी हवीत, असं त्याचं सार. मग १९८२ मध्ये कलम नव्यानं लिहिलं. कामगारांना ऐकायचं, मालकालाही ऐकायचं, कारणं लिहायची, आणि ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. कामगारांची मर्यादाही ३०० वरून १०० वर आली. त्याचा एक परिणाम असा सांगतात, की बरेच मालक शंभरी गाठायच्या आधीच थांबले, किंवा कंत्राटदाराकडून माणसं घेऊ लागले. २०२० च्या नव्या औद्योगिक संबंध संहितेनं ही मर्यादा परत ३०० केली आहे आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नोटीस आणि वर्षाला १५ दिवस हा हिशेब तिथंही आहे.

शंभर की तीनशे, यावर मोठ्या शहरांत फार भांडणं झाली. आम्हाला विचाराल तर परतवाड्याच्या मेन रोडवरच्या कोणत्या दुकानात शंभर माणसं आहेत? आरागिरणीत, संत्र्याच्या पॅकिंगला, कापडाच्या दुकानात पाच-सात-दहा. आपल्या बायांना लागू पडतो तो छोटा नियम, नोटिशीचा आणि १५ दिवसांचा. त्याला माणसांची मर्यादा नाही. पण त्याबद्दल कोणी भांडत नाही, कारण तो ठाऊकच नसतो.

मोठा कारखाना आपल्याकडे एकच. अचलपूरची विदर्भ मिल १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेली, पुढं बंद पडली. मग मुंबईची फिनले मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं इकडे आणली, नवीन यंत्रांसह. घराघरांतली मुलं लागली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि महामंडळाच्या देशभरातल्या २३ चालू गिरण्यांबरोबर हीही थांबली. नोकरी कागदावर, पाळी नाही, आणि काही काळ अर्ध्या पगारावर घर. गेल्या काही वर्षांत त्या घरांतल्या बायका आमच्याकडे शिलाई शिकायला आल्या, त्यांनी सांगितलेलं आम्ही ऐकलं आहे. काढलं असतं तर हिशेब मागता आला असता, चालू असती तर पगार. हे मधलं लटकणं दोन्ही खान्यांत बसत नाही. आम्हाला वाटतं, धंदा चालणार नसेल तर तसं वेळेत सांगणं हाही माणसाला दिलेला मान असतो.

एक प्रश्न तुम्ही नक्की विचाराल. आम्ही तर किलोवर, नगावर काम करतो, आम्हाला कुठला कायदा? सिकंदराबादच्या एका शिलाईच्या दुकानातले कारागीर असेच नगावर होते, काही जण तर कपडे घरी नेऊन शिवत. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते दुकानाचे कामगारच आहेत असं ठरवलं, कारण काम कसं हवं ते मालक सांगे आणि आवडलं नाही तर उसवून परत शिवायला लावी. तेव्हा नगावर असणं म्हणजे कोणीच नसणं, असं नाही. मात्र २४० दिवस भरले हे आधी कामगारानं दाखवायचं असतं, हे २००२ मध्ये कोर्टानं स्पष्ट केलं आहे. म्हणून वही ठेवा. तारीख, किती किलो, किती पैसे. साधी शंभर पानी वही चालते. कच्च्या व्हाउचरवर सही करताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि आपल्या घरी भांड्याला येणारी बाई? तिला कपातीचा हा कायदा लागत नाही. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण काढलं तर महिन्याची नोटीस, असं त्यात नाही. परवा आमच्यातल्याच एकीनं "उद्यापासून येऊ नको" असा मोबाइलवर निरोप पाठवल्याचं सांगितलं. आम्ही सगळ्या गप्प झालो. पुढं काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं.

आता काकूंचं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. आधी विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं, खाडे का होत होते. त्यांची धाकटी लेक बाळंतपणाला आली होती. अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दर आठवड्याला खेटा, नंतर नातू काचेच्या पेटीत. "तुमी इचारलंच नाही," त्या म्हणाल्या, "मीनं सांगतलं नाही. दोगींचंबी चुकलं."

लाटण्याचं काम परत देता येत नव्हतं, मशीन बंद करून कर्ज फिटणार नव्हतं. मशीनवर बसणारी पोरगी सगळ्यात शेवटी आलेली आहे, पण मशीन तिलाच जमतं. हे कारण आम्ही रजिस्टरमध्ये लिहिलं, कसंबसं का होईना. चौघींच्या वह्या काढून सरासरी काढली. काकूंची आठ वर्षं, म्हणजे १२० दिवस, आणि नोटिशीचा एक महिना. गटाच्या शिल्लकीतून एकदम देणं झेपणार नव्हतं, म्हणून तीन हप्ते ठरले. पॅकिंगला एक जागा संक्रांतीनंतर निघेल, ती आधी या चौघींना विचारायची असंही लिहिलं. गटात यावर वाद झाला. दोघी म्हणाल्या, एवढे पैसे दिले तर यंदा दिवाळीला वाटायला काही उरणार नाही. उरलं नाहीच.

पहिला हप्ता घ्यायला काकू आल्या. नोटा दोनदा मोजल्या, रजिस्टरवर सही करायच्या आधी चष्मा लावून कारणाची ओळ वाचली. "मशीन आल्यामुळे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग म्हणाल्या, "हां. खाडे नाही लिहिले." आणि सही केली.